तारेतल्या चुका
ऐंशी-पंच्याऐंशीच्या त्या वर्षांत पांढुर्ण्याच्या पोस्टासमोर, निंबाखाली इंग्रजी जाणणारा एक काका रोज दुपारी बसे. खेड्यातले लोक आलेली तार त्याच्याकडूनच वाचून घेत. पण अर्थ सांगण्याआधी तो कानावरची लाल पेन्सिल काढून तारेतलं इंग्रजी दुरुस्त करायचा. समोर माणसं श्वास रोखून उभी, आणि हा एकेक चुकलेला शब्द सावकाश खोडून वर नीट अक्षरात बरोबर शब्द लिहायचा. चेहऱ्यावर काही हलायचं नाही.

मला त्याचा संताप यायचा. एकदा तार घेऊन आलेली एक म्हातारी खालीच बसली, तरी पेन्सिल चालूच. मी ओरडलो, "आधी मतलब सांगा ना, काका! हे काय करून राहिले?"

तो वर न पाहता म्हणाला, "मी चुका काढून राहिलो ना भाऊ, तोवर तिचा मानूस जिवंत हाये."

त्याच उन्हाळ्यात माझे वडील नागपूरच्या दवाखान्यात होते. माझ्या नावानं तार आली. मला इंग्रजी येत होतं, तरी घडी न उघडता मी ती त्याच्या हातात दिली. त्यानं ती एकदा वाचली. पेन्सिल कानावरच राहिली.

"काका," मी म्हणालो, "एखादी तरी चूक असनच. नीट पाहा ना."