डाव्या हातासाठी अक्रोडाची मूठ

शेजारणीने मला पहिल्यांदा तिच्या गॅरेजमध्ये बोलावलं तेव्हा कामाच्या टेबलावर, जुन्या टॉवेलवर, एक रिव्हॉल्व्हर ठेवलेलं होतं. मी दारातच थबकले.

"रिकामं आहे," ती म्हणाली. गोळ्यांची फिरकी बाहेर काढून तिने मला सगळी भोकं दाखवली. "ये आत, थंडी शिरतेय."

आम्ही परदेशात, ईडन प्रेरी गावात राहायला येऊन वर्ष झालं होतं. नवरा ऑफिसात, आणि माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नाही. त्यामुळे दुपारी मी तिच्याकडे जाऊन बसायचे. ती सत्तरीची होती. हायस्कुलात सुतारकाम शिकवून रिटायर झालेली. बाई असून सुतारकाम शिकवते, याचंच मला केवढं अप्रूप होतं.

तिच्या नवऱ्याला जुन्या रिव्हॉल्व्हरांचा नाद. ती नुसती काचेआड मांडून ठेवणं त्याला पटायचं नाही. दर शनिवारी रेंजवर नेऊन तो नेमबाजी करायचा. त्या वर्षी थंडी पडायच्या सुमारास त्याला अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं परत आलं, काठीने चालणंही जमू लागलं, पण उजवा हात गेला तो गेलाच. मग तो दिवसभर खिडकीपाशी बसून बर्फ बघायचा.

"डावा हात चांगला आहे," ती मला म्हणाली, "पण ही मूठ उजव्या हाताची आहे. अंगठा टेकायचा उंचवटा नको त्या बाजूला."

तिने स्क्रू सैल केला, हलकेच ठोकलं, आणि मुठीच्या दोन लाकडी पट्ट्या अलगद सुटल्या. एकीच्या आत पेन्सिलीने रिव्हॉल्व्हरचाच नंबर लिहिलेला होता, म्हणजे पट्ट्या मूळच्याच. तिच्या नवऱ्याचा जुन्या बंदुका जमवणारा एक मित्र येऊन तिला बजावून गेला होता, असल्या अस्सल वस्तूला हात लावायचा नसतो. ती त्याच्याशी वाद घालत बसली नाही. जुन्या पट्ट्या तिने लोकरीच्या मोज्यात गुंडाळून कपाटात ठेवल्या आणि अक्रोडाच्या लाकडातून नव्या कापायला घेतल्या.

अडचण मापाची होती. तिच्या नवऱ्याचा डावा हात दर वेळी वेगळीच पकड घ्यायचा. संध्याकाळी पोळ्यांची कणीक मळताना माझ्या डोक्यात आलं, आणि दुसऱ्या दिवशी मी मीठ घालून घट्ट मळलेला गोळा घेऊन गेले. रिव्हॉल्व्हरच्या उघड्या दांड्यावर तो थापला आणि तिच्या नवऱ्याला, मी त्यांना काकाच म्हणायचे, घट्ट धरायला सांगितलं. त्यांनी धरलं. मग गंभीरपणे विचारलं, "हे नंतर खायचं का?"

ती एवढी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं. झटक्यानंतरचा त्यांचा तो पहिला विनोद होता, असं तिने मला मागाहून सांगितलं.

कणीक वाळली, तिच्यावरून तिने आकार उतरवला. दांड्याला लिपस्टिक लावायची, पट्टी दाबायची, लाल डाग उमटेल तिथलंच लाकूड खरवडायचं. कित्येक दुपारी हेच चाललं होतं. एकदा जवळजवळ तयार झालेली पट्टी स्क्रूच्या भोकापाशी तडकली. मला तर रडूच आलं असतं. तिने तुकडा उजेडात धरला, "लाकडाची रेषा आडवी गेली होती," म्हणाली आणि दुसरी फळी काढली.

बर्फ वितळल्यावर तिने आम्हालाही रेंजवर बोलावलं. "अगं, बंदूक आहे ती!" माझा नवरा कुरकुरला. "व्हिसावर आहोत आपण, यार. नसती भानगड नको." पण ड्राइव्ह करत घेऊन गेला तोच.

काकांची पहिली गोळी निशाणाच्या कागदाला लागलीच नाही. दुसरीही नाही. ती मागे उभी राहून बघत होती.

"अंगठ्याशी टोचतंय," ते जरा चिडून म्हणाले.

तिने रिव्हॉल्व्हर घेतलं, रिकामं केलं, कोटाच्या खिशातून पॉलिशपेपर काढला आणि तिथेच उभ्याउभ्या घासायला लागली. बोट फिरवून बघायची, पुन्हा घासायची. आसपासचे लोक बघत होते. तिचं लक्षच नव्हतं. मग लाकडाचा भुगा फुंकून तिने ते परत त्यांच्या हातात दिलं. पुढची गोळी कागदाच्या अगदी कडेला लागली. काकांनी वळून बायकोकडे पाहिलं, आणि माझा नवरा माझ्याआधी टाळ्या वाजवायला लागला.

आम्ही सनीव्हेलला राहायला जाईपर्यंत ती दोघं पुन्हा दर शनिवारी रेंजवर जात होती. काका पूर्वीसारखे नेमबाज काही झाले नाहीत. पण शुक्रवारी संध्याकाळी आमच्या फोनवर त्यांचा निरोप ठरलेला असायचा: उद्या हवा चांगली आहे, येताय का?