पत्रिकेवरचं बोट

लेकीला बोहल्यावर मामानेच आणायचं, अशी आमच्याकडची रीत. आणि मामा होता सुरतेला, रुसून. आई गेल्यावर शेत विकण्यावरून माझं आणि धाकट्या भावाचं बिनसलं ते बिनसलंच. त्याने घर बदललं, नवा पत्ताही कळवला नाही. फोन नंबर तेवढा माझ्याकडे होता. मीही काही कमी हट्टी नाही; कित्येक वर्षं तो फिरवला नाही.

लेकीची पत्रिका मी शहाद्याच्या बाजारपेठेतल्या मारवाडी भाभीच्या कॉम्प्युटर दुकानात करून घेतली. तिच्याकडे वर्डमध्ये लग्नाचा, जावळाचा, उत्तरकार्याचा असे साचे तयार असतात. नावं-तारखा बदलल्या की काम झालं. तिने ती फाइल माझ्या फोनवर टाकली आणि मी मोठ्या उत्साहात ती भावाला पाठवून दिली.

तासाभरात त्याचाच फोन. आवाज ऐकून मला रडूच येणार होतं, पण त्याने वेळच दिला नाही.

"आक्का, हाई काय धाडं तू? ना अक्षर, ना कुकू! कोनी मरी गयं का? मामाले असं बलावतस का?"

आणि ठेवला. त्याचंही खरंच होतं म्हणा. बिनकुंकवाचं पत्र आमच्यात दुखवट्याचंच येतं.

मी तरातरा दुकानात गेले आणि सगळा राग भाभीवर काढला. ती बिचारी शांत. म्हणाली, समोरच्याच्या फोनमध्ये आपला फॉन्ट नसला की अक्षरांचे चौकोन होतात, गणपती दुसऱ्या पानावर जाऊन बसतो. "त्यानाच फोटो बनाडी देसू. फोटोमा अक्षर हालत नही." शिवाय चारी कोपऱ्यांत कॉम्प्युटरमधूनच लाल-पिवळे ठिपके टाकून देते म्हणाली.

"कॉम्प्युटरचं कुंकू माझ्या भावाला?" मी म्हटलं. "ते मी लावणार."

ती हसली, पण नाही म्हणाली नाही. पत्रिका कागदावर छापली, देव्हाऱ्यातला हळदकुंकवाचा करंडा आणून दिला. मी करंगळीशेजारचं बोट बुडवून चारी कोपऱ्यांवर टेकवलं. स्कॅनरची काच माखू नये म्हणून तिने मध्ये पारदर्शक प्लॅस्टिक घातलं. पहिला फोटो इतका जड निघाला की फोनवरून जाईना. हलका केला तर कुंकू कातासारखं तपकिरी दिसायला लागलं. गिऱ्हाइकं खोळंबली होती, तरी तिने पुन्हा केला, पुन्हा मला दाखवला. मोठा करून बघताना तिला प्रत्येक ठशातून गेलेली एक तिरकी रेघ दिसली.

"हाई रेघ पुसी टाकू का?"

"राहू दे," मी म्हटलं. लहानपणी उसाच्या फडात भावाचा कोयता त्या बोटाला लागला होता, त्याची ती खूण.

फोटो गेला. त्याने पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर मात्र आलं नाही. हळदीच्या आदल्या दिवसापर्यंत माझा जीव टांगणीला. नवरा म्हणाला, तुझ्या चुलतभावाला मामा म्हणून सांगून ठेवू. मी त्याच्यावरही खेकसले.

हळदीच्या सकाळी मांडवाच्या दारात रिक्षा थांबली. भाऊ उतरला, हातात नवरीसाठी मामाचं लुगडं. मी पुढे झाले. त्याने माझा हात धरला, उलटा केला आणि त्या बोटावरून अंगठा फिरवला.

"रेघ दिखनी," तो म्हणाला. "बोट तुन्हंच शे, मी वळखी लिधं. त्या दिवशे तू मायले मन्हं नाव सांगं नही."

मी आईला सांगितलं होतं, मीच कापून घेतलं. इतकी वर्षं मी ते विसरून गेले होते.

दुसऱ्या दिवशी लेकीला त्यानेच बोहल्यावर आणलं. भाभीही आली होती लग्नाला. पंगतीत तिला आग्रह करकरून वाढताना मी दोनदा आभार मानले, तर ती म्हणते कशी, जेवू तर द्या.