पाच दिवसांची रात्र

आमच्या आत्याला घरात सगळे 'चालेल आत्या' म्हणतात. पंख्याखालची खुर्ची कुणी बळकावली? चालेल. दूध संपलंय, कोरा चहा देऊ? चालेल. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, आमच्या मागच्या खोलीत राहते आणि बरीच वर्षं एका ताऱ्याच्या मागे हात धुऊन लागली आहे.

"ताई, त्या ताऱ्यात एवढं आहे तरी काय?" बाबा विचारतात.

"अरे, तो मंदावतो, परत उजळतो. चार दिवसांत एक फेरा. इथून बघायला बसावं तर रोज सकाळ मधे येते. म्हणजे नाटकाचा दर दुसरा अंक चुकलेला!"

म्हणून तिला पृथ्वीच्या ध्रुवाजवळची दुर्बीण हवी होती. तिथे भर हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही. तारा सलग बघता येतो. स्वतः जायचं नसतं. तिथली माणसं दुर्बीण रोखतात आणि निरीक्षणं पाठवतात. हे आईला कळेपर्यंत तिची आत्यासाठी लोकरीची टोपी अर्धी विणून झाली होती.

"असू दे. घरात घाला, वन्सं."

"चालेल," आत्या म्हणाली.

गेल्या खेपेला तिचा अर्ज नामंजूर झाला, कारण तिनं दोनच दिवस मागितले होते. एवढ्यात काम पुरं होणार नाही, असं दुर्बिणीचा वेळ वाटून देणाऱ्या समितीनं कळवलं.

"अहो, फेरा चार दिवसांचा आणि मागायचे दोन?" आई उसळली.

"उगाच कुणाची अडचण नको म्हटलं."

यंदाची संधी शेवटची. निवृत्तीनंतर कॉलेजच्या नावावर अर्ज करता येणार नव्हता. आईनं पाठीशी उभं राहून तिच्याकडून पाच दिवस लिहून घेतले. फेऱ्याचे चार आणि हवा बिघडली तर हाताशी एक.

मग समितीनं व्हिडिओ कॉलवर बोलावलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर डब्यांची चळत, चळतीवर लॅपटॉप. बाबा बाहेर, कुणी घंटा वाजवू नये म्हणून दाराशी पहाऱ्यावर. आई आणि मी फ्रिजच्या आडोशाला.

अध्यक्षबाई गोड बोलल्या. "प्रस्ताव आवडला. पण मागणी फार मोठी आहे. तीन दिवस दिले तर चालेल?"

आईनं कपाळाला हात लावला. आत्याचे ओठ उघडले. संपलं, म्हटलं मी मनात. पण तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

"नाही. तीन दिवसांत फेरा अर्धवट राहील. पाच देता येत नसतील तर हे तीनही दुसऱ्या कुणाला द्या. फुकट जायला नकोत."

पलीकडचे चेहरे इतके स्तब्ध झाले की मला वाटलं, नेट गेलं.

"कळवतो," बाई म्हणाल्या.

लॅपटॉप मिटून आत्या आईकडे वळली. "घालवलं का गं मी, वहिनी?"

"घालवलं असेल तर घालवलं. पण काय ऐटीत घालवलंत!"

काही आठवड्यांनी दुपारी तिचा कॉलेजातून फोन आला. "पाच," एवढंच म्हणाली आणि तासाला गेली.

त्या दिवशी घरी यायला तिला उशीर झाला. आईनं झाकलेला कप पुढे केला. "कधीचा करून ठेवलाय, गार झाला असेल. चालेल ना, वन्सं?"

"नाही. गरम कर. आणि साखर घाल थोडी. तुझ्या चहात नेहमीच कमी असते."

आई कप हातात घेऊन तशीच उभी. "नेहमीच?"