बांबूला फुलं आली होती

इस्पितळाच्या आवारात एकतीस वर्षं माळीकाम करणाऱ्या बाईला सर्जनपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे काकूच म्हणत. बाकावर ताटकळत बसलेला पेशंट दिसला की काकूंचे हात खुरप्यावर आणि तोंड त्याच्याकडे. प्लास्टरमध्ये पाय अडकलेल्या माणसाला त्या सांगत, की केळ हे झाड नसतंच मुळी, जे खोड दिसतं त्या एकात एक गुंडाळलेल्या पानांच्या सुरळ्या असतात. घेवड्याचा वेल काठीभोवती एकाच बाजूनं वळतो, उलटा गुंडाळून ठेवा, नवा शेंडा पुन्हा आपल्याच बाजूनं जातो. सूर्यफूल म्हणजे एक फूल नव्हे, शेकडो फुलांची दाटीवाटीनं बसलेली सभा. माणूस क्षणभर दुखणं विसरे. काकू यातलं काही वाचून सांगत नसत. निम्मं वडिलांकडून ऐकलेलं आणि निम्मं उकिडवं बसून स्वतः पाहिलेलं.

वडीलही याच आवारात माळी होते. एक्स-रे विभाग आणि धोबीखाना यांच्यामधलं बांबूचं बेट त्यांनीच लावलेलं, काकू पाच वर्षांच्या असताना. हे झाड नाही गं, हे गवत आहे, असं ते सांगत, आणि दुमजली इमारतीएवढ्या त्या गवताकडे मान वर करून बघताना छोट्या काकूंना वडील थट्टा करताहेत असंच वाटे. बांबू आयुष्यात एकदाच फुलतो, कुठे चाळीस वर्षांनी, कुठे साठ, कुठे त्याहून उशिरा, आणि मग वाळून जातो, हेही त्यांनीच सांगितलेलं. त्यांना मात्र तो बहर बघायला मिळाला नाही.

काकूंना मिळाला. एका सकाळी पाइप ओढत नेताना बेटाच्या शेंड्यांवर त्यांना तुसांसारखं काहीतरी लोंबताना दिसलं. त्यांनी एक फांदी वाकवली. भाताच्या लोंबीसारख्या बारीक कणसांतून पिवळे परागकोश दोऱ्यांवर लटकल्यासारखे हलत होते. ना रंग, ना वास. दहा माणसं शेजारून गेली, एकानंही वर पाहिलं नाही. काकू मात्र पाइप तसाच वाहता सोडून देखभाल अधिकाऱ्यांच्या खोलीत गेल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, "साहेब, चला बघायला, बांबू फुललाय."

साहेब सहा महिन्यांपूर्वीच रुग्णवाहिकांच्या विभागातून बदलून आलेले. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा माणूस, पण तुळस आणि सब्जा शेजारी ठेवले तर बुचकळ्यात पडेल असा. ते आले, त्यांनी पाहिलं आणि रोग पडलाय म्हणाले. दुसऱ्या दिवशी फवारणीवाला हजर. काकू पंपासमोर उभ्या राहिल्या. ही कीड नाही, फुलं आहेत, असं त्यांनी तीनदा सांगितलं. साहेबांनी त्यांना बाजूला व्हायला लावलं आणि उग्र वासाच्या पाण्यानं अख्खं बेट भिजवून घेतलं.

पुढच्या दोन-अडीच महिन्यांत पानं गळली, दाणे धरले, कांडी पिवळी पडून वाळू लागली. आणि मग काकूंच्या हातात मेमो पडला. आवारातील बांबूचे बेट कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे मृत झाले असून सात दिवसांत खुलासा करावा.

काकूंनी तो कागद उभ्यानंच वाचला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वडिलांनी लावलेलं बेट. बारा दिवस नळाला पाणी नव्हतं तेव्हा धोबीखान्याचं शेवटच्या धुण्याचं पाणी बादल्यांनी वाहून जगवलेलं. ते आपण मारलं, असं टाईप करून, खाली सही-शिक्का मारून, आपल्यालाच देतात?

त्या तडक साहेबांकडे गेल्या. बांबू कसा फुलतो, का वाळतो, सगळं उलगडून सांगितलं. साहेब खुर्चीत मागे रेलले.

"म्हणजे पन्नास-साठ वर्षं काही नाही, मग एकदम फुलं, आणि फुलं आली की मरण? काकू, असल्या गोष्टी पेशंटना सांगा. मला लेखी खुलासा द्या."

"तेच लेखी देते," काकू म्हणाल्या.

त्यांनी दिलं. त्यावर साहेबांनी लाल शाईनं शेरा मारला: असमाधानकारक, चौकशी व्हावी.

त्याच आठवड्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. बहीण लग्न होऊन गेली तिला सत्तावीस वर्षं झाली. जाताना तिनं या बेटाच्या कंदाचा एक तुकडा गोणपाटात बांधून नेला होता, रात्रभराच्या प्रवासाइतक्या लांब. ती बराच वेळ इकडचं-तिकडचं बोलत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "ताई, रागावू नकोस. बाबांचा बांबू गेला बघ माझ्याकडून. पाणी कमी पडलं असेल. सासूबाई रोज ऐकवतायत."

काकू एकदम सावध झाल्या. "जायच्या आधी त्याला तुसं आली होती का? लोंबीसारखी?"

"आली होती. तुला कसं कळलं?"

काकू खाटेवर बसल्या. बांबूचा तुकडा कुठेही नेऊन लावा, माती बदला, पाणी बदला, त्याचं वय मूळ बेटाचंच राहतं आणि तो मूळ बेटाच्या बरोबरीनंच फुलतो, हेही वडील सांगत. त्यांनी बहिणीला समजावलं, की तू काही केलेलं नाहीस आणि मीही नाही. दोन घरांत दोन बहिणी एकाच गवतापायी बोलणी खात होत्या. बहीण रडता रडता हसायला लागली. काकूंना हसू आलं नाही. त्यांनी तिला वाळलेली एक डहाळी पार्सलनं पाठवायला सांगितलं.

वडिलांनी आणखी एक तुकडा पाणीपुरवठ्याच्या टाकीवरच्या चौकीदाराला दिला होता, हे त्यांना आठवलं. एक दिवसाची रजा टाकून दोन बस बदलून त्या तिथे पोचल्या. चौकीदार आता जुन्याचा मुलगा होता आणि तोही वैतागलेला, कारण बांबूखाली पडलेल्या दाण्यांवर उंदरांनी नुसता उच्छाद मांडला होता. त्याचंही बेट वाळलेलं. काकूंनी त्याच्याकडून एक डहाळी आणि ओंजळभर दाणे मागून घेतले. बेट कधी फुललं, ते त्यानं एका चिठ्ठीवर लिहून दिलं. महिना तोच होता.

चौकशी इस्पितळाच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंसमोर झाली. काकूंनी तीन डहाळ्या टेबलावर ओळीनं मांडल्या. प्रत्येकीला जखमेवर लावायची चिकटपट्टी गुंडाळून त्यावर ठिकाण लिहिलेलं.

"बाई, ही इथली. ही माझ्या बहिणीकडची. ही टाकीवरची. तिन्ही ठिकाणी मीच निष्काळजीपणा केला असेल तर माझ्या अंगात बरंच बळ आहे म्हणायचं."

डॉक्टरीणबाईंनी डहाळ्या उलटसुलट करून पाहिल्या आणि तिथूनच त्यांच्या ओळखीच्या एका वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना फोन लावला. पाच मिनिटं नुसतं हं, हं चाललं होतं. फोन ठेवून त्या एवढंच म्हणाल्या, की माळीणबाईंचं खरं आहे. साहेब खिडकीबाहेर बघत होते.

इथे गोष्ट मिटायला हवी होती. पण चार दिवसांनी साहेबांच्या सहीचं पत्र आलं, त्यात लिहिलं होतं: कर्मचाऱ्याची ही पहिलीच चूक असल्याने सहानुभूतीपूर्वक विचार करून समज देऊन माफ करण्यात येत आहे.

हेडक्लार्क भाऊसाहेबांनी पोच म्हणून सही करायला वही पुढे सरकवली. भला माणूस. काकूंची नोकरी सुटू नये म्हणून आतून धडपडलेला.

"करा सही काकू, सुटाल."

"कशातून सुटेन, भाऊसाहेब?"

"अहो, माफ केलंय म्हणतात."

"माफी चुकीला असते. माझी चूक दाखवा, मी दोन सह्या करते."

भाऊसाहेबांनी परोपरीनं समजावलं. सरकारी भाषा असते, कोण वाचतंय, निवृत्तीला चार वर्षं उरली असताना साहेबांशी वाकडं कशाला? काकू ऐकून घेत आणि वही परत सरकवत. मेमो देताना कोण वाचतंय हा विचार कुणी केला नव्हता, मग आता का करायचा? तीन आठवडे हेच चाललं. रोज कामाला लागायच्या आधी त्या कचेरीच्या दारात येत, पत्र बदललं का विचारत, आणि नाही म्हटल्यावर खुरपं उचलून जात. आवाज एकदाही चढवला नाही. साहेबांनी त्यांचं काम बदलून त्यांना मागच्या गटारालगतचं रान काढायला लावलं, तेही काढलं. रान काढताना मात्र त्या रागानं तण असं उपटत, की मुळासकट माती उडे.

शेवटी भाऊसाहेबच पत्र घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी ते वाचलं, साहेबांना बोलावलं आणि समोर बसवून नवा मजकूर सांगितला. बांबूचे बेट नैसर्गिक बहरानंतर वाळले. यात माळी कर्मचाऱ्याची कोणतीही चूक नाही. साहेबांनी सही केली. काकूंशी मात्र ते एक अक्षर बोलले नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. समोरून आल्या की घड्याळ बघत.

बेटाची जागा मात्र गेली. तिथे फरशी घालून रुग्णवाहिका उभ्या करायचं ठरलं. काकूंनी फवारणीतून वाचलेले आणि टाकीवरून आणलेले दाणे सलाईनच्या कापलेल्या बाटल्यांत रुजवले होते. हिरव्या सुयांसारखी पन्नासेक रोपं आली. काही बहिणीकडे गेली, काही चौकीदाराकडे, आणि उरलेली त्यांनी कुणालाही न विचारता शवागाराच्या मागच्या भिंतीला लावली. तिकडे सहसा कुणी फिरकत नाही.

नव्या पत्रावर सही करायच्या आधी त्यांनी भाऊसाहेबांना एक गोष्ट करायला लावली. बांबू फुलल्याचा महिना आणि साल आवाराच्या कायमच्या नोंदवहीत लिहून घ्यायला लावलं, शवागारामागची रोपं याच दाण्यांची आहेत, या एका ओळीसकट.

भाऊसाहेब हसले. "काकू, ती फुलतील तेव्हा आपण कुणी असणार आहोत का?"

"आपण नसू," काकू म्हणाल्या. "पण कुणीतरी माळी असेल. त्याला मेमो मिळायला नको."

भाऊसाहेबांनी टोपण काढून नोंद केली, आणि मग काकूंनी सही केली.