दाजी थांबले नाहीत

दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, महातापट माणूस. चहा कोमट लागला तरी घर डोक्यावर घ्यायचे. वीजकेंद्रात टर्बाइनचा वेग चढवायला बसले, की मात्र तोंडाला कुलूप. हे काम मला त्यांनीच शिकवलं.

त्यांचा नियम एकच. मिनिटाला चौदाशे ते अठराशे फेऱ्यांच्या मध्ये थांबायचं नाही. त्या पट्ट्यात टर्बाइनचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, एवढा अजस्र असून थरथरायला लागतो. झटकन पार व्हायचं, नाहीतर अलीकडेच राहायचं.

त्या दिवशी बडे पाहुणे यायचे होते. वेग पंधराशेवर असताना साहेब धावत आले.

"थांबवा! पुढचं बटण पाहुण्यांच्या हातून दाबून घ्यायचंय. फोटो काढायचाय."

"इथं थांबता येत नाही."

"मी सांगतोय ना!"

"मला सांगाल हो. शाफ्टला कोण सांगणार?"

मशीन तीन हजारांवर जाऊन पोचलं. पाहुण्यांना दाबायला काही उरलंच नाही.

चौकशी लागली. साहेबांनी माझ्याकडून लिहून घेतलं, 'थांबणं शक्य होतं.' मी सही ठोकली, कारण दाजींची खुर्ची मला मिळणार होती. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा मीच तो! निवृत्तीला सात महिने उरलेल्या माणसाला त्यांनी गोदामात टाकलं. साहेबांचा राग येतोच, पण माझा जास्त येतो.

चार महिन्यांनी मशीन पुन्हा सुरू करताना मी खुर्चीत होतो. सोळाशेला साहेबांचा फोन आला, "दोन मिनिटं थांब, मी येतोय." मी थांबलो. थरथर मोजणारा काटा चढला, पायाखालची फरशी हादरली, टेबलावरचा कप खाली पडून फुटला. मशीन आपोआप बंद पडलं. शाफ्ट वाकला तो वाकलाच. साहेबांनी हात झटकले, "असा फोन मी केलाच नाही."

संध्याकाळी निर्लज्जासारखा ताईकडे गेलो.

"दाजी, साहेब असंच करतात हे तुम्ही लिहून द्या. नाहीतर माझी नोकरी जाईल."

आज घर डोक्यावर घेतील असं वाटलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "देतो की. पण आधी तू लिही, माझ्या वेळी तू सही कशावर केलीस ते. त्याखाली मी लिहितो."

ताईने कागद आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. खरं लिहिलं तर खोट्या सहीपायी नोकरी जाणारच होती. दोघं माझ्याकडे बघत होती.

मी उठलो, चपला घातल्या आणि निघालो.