चिप उत्तर देत नाही

लॅपटॉप सुरू केला की काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ती ओळ यायची: सुरक्षा चिप उत्तर देत नाही. आधी कधीतरीच यायची. उन्हाळा चढला तशी एक दिवसाआड येऊ लागली. ती दिसली की मी हातातलं काम टाकून धावायचे, कारण त्या लॅपटॉपमध्ये माझ्या वडिलांचा आवाज होता.

घशाच्या कॅन्सरमुळे बाबांचं स्वरयंत्र काढावं लागणार हे ठरलं, तेव्हा ऑपरेशनच्या आधीचे सगळे दिवस ते माइकसमोर बसून वाक्यं बोलत राहिले. त्यावरून एका प्रोग्रामने त्यांचा आवाज उचलला. नंतर ते टाइप करायचे आणि लॅपटॉप बोलायचा, अगदी त्यांच्या नागपुरी ढंगात. "काहून वं, जेवली का?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी तोच आवाज भाजीत मीठ कमी पडल्याचं सांगू लागला आणि घर रुळावर आलं.

बाबा रेल्वेतले सिग्नलवाले इंजिनिअर, नोकरीसाठी नागपूर सोडून उत्तरेत आलेले. मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत मी लहानाची मोठी झाले ती जेवताना एकच तत्त्व ऐकत: यंत्रणेत काहीही बिघडलं तरी सिग्नल लालच पडला पाहिजे. गाडी थांबली तर लोक शिव्या देतील, पण जिवंत राहतील. पुढे ते निवृत्त झाले, आम्ही त्याच शहरात वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत राहायला आलो, आई गेली, दोघंच उरलो. तत्त्व काही निवृत्त झालं नाही. लॅपटॉपवर लिनक्स त्यांनी स्वतः टाकलं, सगळी डिस्क कुलूपबंद केली आणि चावी त्या चिपच्या पोटात ठेवली. फर्मवेअर, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्राम, ओळखीचं दिसलं तरच चिप चावी देणार. जरा बदल दिसला की देणार नाही. पासवर्डचा रस्ता त्यांनी काढूनच टाकला. "दुसरी चाबी म्हणजे चोराले दुसरं दार," लॅपटॉप म्हणाला होता.

भीती उगीच नव्हती. त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या हुबेहूब आवाजात त्याच्या बहिणीला फोन गेला होता, अपघात झालाय म्हणून. ती बिचारी फसली. तेव्हापासून बाबांनी आपल्या आवाजाची एकही प्रत बाहेर ठेवली नाही. माझ्या फोनमधले मेसेजही पुसायला लावले. एक लग्नाचा व्हिडिओ तेवढा आहे, पण त्यात बाबांपेक्षा बँडच जास्त बोलतो.

मी महानगर भागातल्या एका बँकेत संगणकांचंच काम बघते, म्हणून पदर खोचून बसले. लॅपटॉप ज्या दिवशी उघडे त्या दिवशी आतल्या नोंदी चाळायच्या. चिपशी बोलणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, तिला हाक मारायचा, ठरलेला वेळ थांबायचा आणि नाद सोडायचा. ड्रायव्हरच्या सेटिंग बदलल्या. चार्जर काढून, बटण दाबून धरून उरलीसुरली वीज घालवली. कधी उपयोग व्हायचा, कधी नाही. शेवटी कूलरसमोर ठेवला की चिप बोलते असं दिसलं. मग बाबा रोज सकाळी त्याला कूलरचा वारा खाऊ घालत बसायचे आणि माझं डोकं फिरायचं.

शोधता शोधता कळलं की याच दोषावर लॅपटॉपच्या कंपनीने नवीन फर्मवेअर काढलंय. आनंद जेमतेम मिनिटभर टिकला. नवीन फर्मवेअर चिपला अनोळखी वाटणार आणि ती चावी देणार नाही. न टाकावं, तर एक दिवस ती कायमची गप्प होणार. दुरुस्तीवाल्याला फोन केला. "मैडम, बोर्ड ही बदल देंगे, एकदम नया हो जाएगा." चिप बोर्डवरच असते, बोर्ड गेला की चावीही गेली. मी फोन ठेवून दिला.

सुटकेचा मार्ग एकच होता, लॅपटॉप उघडा असताना त्यात एक पासवर्ड घालून ठेवायचा. शनिवारी संध्याकाळी तो उघडला तेव्हा मी म्हटलं, "बाबा, आत्ताच घालू या. फक्त तुम्हालाच माहीत असेल."

त्यांनी टाइप केलं. "मीच तर म्हातारा आहे. फोनवरचे ठग माझ्याकडूनच काढून घेतील."

"आणि आवाज गेला तर?"

ते बराच वेळ लिहीत आणि खोडत राहिले. मग लॅपटॉप म्हणाला, "गेला तर गेला. चोराच्या तोंडी नको."

ते अंघोळीला गेले तेव्हा माझे हात कीबोर्डवर गेले. त्यांच्या पाठीमागे करून टाकणं सहज जमलं असतं. पण आवाज त्यांचा होता. मी लॅपटॉप बंद केला आणि रात्रभर स्वतःवर आणि त्यांच्यावर चरफडत राहिले.

रविवारी सकाळी आमच्याकडे बुद्धवंदना असते. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून घरातल्या मोठ्याने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी मागून. ऑपरेशननंतर पहिली ओळ लॅपटॉप म्हणायचा. त्या रविवारी कूलरसमोर ठेवूनही पडद्यावर तीच चिपची ओळ आली. पुन्हा सुरू केला, तीच. वीज घालवून पाहिली. मग ती ओळही बदलली: सुरक्षा चिप सापडत नाही.

बाबांनी चष्मा वर करून ती नीट वाचली आणि मान हलवली. यंत्रणा त्यांच्या तत्त्वाप्रमाणे वागली होती. मला त्या मान हलवण्याचा इतका राग आला की मेणबत्ती विझवून उठावंसं वाटलं.

त्यांनी लॅपटॉप मिटला, बाजूला सरकवला आणि हात जोडले. त्यांचे ओठ हलू लागले. घरात फक्त कूलरची घरघर होती. ओठ थांबले, म्हणजे पहिली ओळ संपली असावी. नेहमीप्रमाणे ते माझ्याकडे बघत थांबले. आता मी मागून म्हणायचं होतं, आणि माझ्या तोंडून आवाज फुटेना.