बाबांचा आवाज असलेली डिस्क

डब्यातून सुक्या बोंबलांचा वास आला, की मला चिंचणीचं आमचं अंगण आठवतं.

तेव्हा मी डिस्कचा ड्रायव्हर, म्हणजे संगणक आणि डिस्क यांच्यामधला प्रोग्राम, दुरुस्त करत होतो. काही लिहायच्या आधीच तो ‘लिहून झालं’ म्हणून कळवायचा. चाचणीला घाईघाईत घरचीच डिस्क जोडली आणि ती कोरी झाली. वारलेल्या बाबांचा रेकॉर्ड केलेला आवाज फक्त तिच्यातच होता.

अंगणात आई बोंबील वाळत घालत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, “बाबांचा आवाज हाय ना रे नीट?”

“हाय, आई.”

“मग राहू दे. आता ऐकवत नाय. नंतर ऐकीन.”

ड्रायव्हरचं खोटं मी दोन दिवसांत सुधारलं. आई जाईपर्यंत तिनं तो आवाज पुन्हा कधीच मागितला नाही.